शेंदराखालचा दगड

नोकरीतून सुटल्यावर बायका भजनी मंडळात जातात, योगासनं करतात, नातवंडं सांभाळतात. मला यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. भजनात माझा सूर लागत नाही आणि नातवंडं परदेशात. मग मी मोडी शिकले. मुलुंडमध्ये एका शाळेत रविवारी वर्ग भरायचा. वर्गात आम्ही सगळे साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवून एकमेकांच्या वहीत डोकावणारे. सहा महिन्यांत बाकीचे गळाले, मी टिकले. माझा स्वभावच उकरण्याचा. घरचे म्हणायचे, हिला खपली दिसली की काढल्याशिवाय चैन पडत नाही. ते मी तेव्हा कौतुक समजत होते.

मोडी येते म्हटल्यावर तालुक्याच्या जुन्या दप्तरात बसायची परवानगी मिळाली. मोजणीच्या जुन्या वह्या, हद्दीची वर्णनं, वहिवाटीचे तंटे, सगळं लाल कापडाच्या रुमालांत बांधून लोखंडी मांडण्यांवर ठेवलेलं. कापडाला कुबट वास, गाठ सोडली की नाकात धूळ. त्यांची यादी करायची, बिनपगारी. तिथले कारकून भले गृहस्थ होते. रोज अकराला माझ्यासाठी अर्धा चहा ठेवायचे आणि रोज एकच विचारायचे, "मॅडम, तुम्हाला यातून मिळतं काय?" मी हसून सोडून द्यायचे. खरं म्हणजे घरी दुपार जात नसे.

तिथेच तो रिक्षावाला आला. चाळिशीचा, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनपलीकडे त्यांचा पाडा. पन्नासेक घरं, सगळी मूळची. पाडा आता बिल्डरकडे चालला होता, आणि त्याला कुणाचा विरोध नव्हता. पावसाळ्यात घरात येणाऱ्या पाण्याला लोक कंटाळलेच होते. भांडण एकाच गोष्टीवरून होतं.

"देवी, मॅडम," तो म्हणाला. "आमची देवी हाय तिथे बिल्डरला पार्किंगचा उतार काढायचाय. बोलतो, कंपाउंडच्या भिंतीला टाइल्सचं झकास मंदिर बांधून देतो. आई ऐकत नाय. देवी बसवलेली नाय, आपोआप वर आलीय, ती हलायची नाय बोलते. आता बिल्डर बोलतोय, कागद दाखवा. देवीचा कागद कुठून आणू?"

कारकुनांनी त्याला माझ्याकडे बोट दाखवलं होतं. मलाही काम हवंच होतं. त्याच संध्याकाळी त्याच्या रिक्षातून मी पाड्यावर गेले.

भोकराच्या झाडाखाली सिमेंटचा ओटा, ओट्यातून गुडघाभर वर आलेला दगड, त्यावर बोटभर जाड शेंदूर आणि चांदीचे दोन डोळे. त्याची आई पितळी समई पुसत बसली होती. सत्तरीच्या पुढची, किडकिडीत, पाठीत वाकलेली. मी तिला मावशी म्हणायला लागले आणि तिने मला पहिल्या भेटीतच अगं-तुगं केलं. रोज दिवेलागणीला देवीपुढे दिवा लावायचं काम तिच्या घरात होतं. सासूने तिला दिलं, सासूला तिच्या सासूने.

"का लावायचा, सांगितलं होतं का काही?" मी विचारलं.

"सासूला का विचारतात होय?" मावशी म्हणाल्या. "दिवा चुकवायचा नाय, येवढंच सांगितलेलं. नाय चुकवला. पोर झालं तवा धाकट्या जावेला पाठवली, पण दिवा लागला."

कागद सापडायला दोन महिने गेले. मी रुमालांमागून रुमाल सोडले, शिंका देऊन देऊन बेजार झाले. एका जुन्या मोजणीच्या वहीत, जमिनीच्या दोन सर्व्हे नंबरांच्या हद्दीचं वर्णन करताना, कुणा मोजणीदाराने मोडीत एक ओळ लिहून ठेवली होती. पूर्वेस देवीची जागा, वहिवाट पाड्याची. बस, एवढंच. पण अक्षर सुरेख, शाई शाबूत, आणि नंबरही जुळत होता. कारकुनांनी शिक्का मारून नक्कल दिली. रिक्षावाल्याने ती दोन्ही हातांनी घेतली, तीर्थ घेतल्यासारखी, आणि मला म्हणाला, "मॅडम, आईला आज झोप लागेल." आठवड्याभरात निरोप आला की बिल्डरचा माणूस नरमलाय, उतार दुसऱ्या बाजूला काढता येईल म्हणतोय.

काम झालं होतं. मी तिथे थांबायला हवं होतं. हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलंय की आता त्याचं काही वाटेनासं झालंय.

मी थांबले नाही, कारण पहिल्याच दिवशी मला दगडाच्या माथ्यावर, शेंदूर जिथे पातळ होता तिथे, चंद्रकोरीची कड दिसली होती. आपोआप वर आलेल्या दगडावर कुणी चंद्र कोरत नाही. म्हणजे खाली कोरीव काम होतं, कदाचित अक्षरंही. आमचा जुनं शोधणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. त्यात कुणाला बोरिवलीकडे वीरगळ सापडला होता, कुणाला अंधेरीच्या एका वाडीत जुनं टाकं. माझ्या नावावर नुसते कागद. मलाही माझा दगड हवा होता. त्या वेळी मी हे असं कबूल केलं नसतं. तेव्हा मी रिक्षावाल्याला सांगितलं की दगडावर लेख निघाला तर देवीला ब्रह्मदेवही हलवू शकणार नाही. त्याला ते पटलं. अर्धं मलाही पटलं होतं.

शेंदूर काढू का, असं मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारते? तिला विचार."

म्हणजे कौल. आमच्या कोकणातही असतो, लहानपणी गावी पाहिलेला. दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नको. मावशींनी झेंडूच्या दोन पाकळ्या लावल्या, हात जोडले, मनात काय विचारायचं ते विचारलं. आम्ही बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पाकळ्या जिथल्या तिथे. माझे गुडघे दुखायला लागले. मावशी म्हणाल्या, "ती बोलत नाय आज. उद्या बघू."

तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावरून खडीचा डंपर गेला. ओटा थरथरला आणि उजवी पाकळी खाली आली.

"बघा, दिला उजवा," मी म्हणाले.

"गाडीनं पाडली ती."

"मावशी, कौल तो कौल. गाडी कुणी पाठवली?"

माझ्या या हुशारीवर रिक्षावाला हसला. मावशी नाही हसल्या, पण समोर शिकलेली बाई, पोराचंही मन, त्यांनी मान डोलावली. ती पाकळी देवीने दिली नाही हे त्या ओट्यावर सगळ्यात जास्त मला ठाऊक होतं. मी देवाधर्माची नाही, म्हणून मला ते सोपं गेलं.

रविवारी सकाळी काम काढलं. शेंदूर ऊन पाण्याच्या फडक्याने मऊ करायचा आणि बांबूच्या कामटीने हळूहळू सोडवायचा, लोखंड लावायचं नाही, एवढं मी शिकून आले होते. थराखाली थर निघत होते. मावशी सुपात धुतलेलं लुगडं अंथरून समोर बसल्या होत्या. सुटलेला प्रत्येक तुकडा त्या सुपात घेत होत्या, खाडीत सोडायला. आधी चंद्र निघाला, मग सूर्य, मग मधे कलश. पाड्याच्या बायकांनी हात जोडले. त्याखाली अक्षरं लागली. झिजलेली, पण अक्षरंच. मी रिक्षावाल्याला म्हटलं, ओटा फोडा, दगड अजून खाली आहे.

"खाली कशाला?" मावशी म्हणाल्या. "खाली तिचे पाय हायेत."

दोघा-तिघांनी पहारीने सिमेंट उचकटलं, मी हाताने माती काढली. लेखाखाली एक चौकट होती. चौकटीत एक बाई पडलेली आणि तिच्यावर गाढव. काय चाललंय ते कळायला मोडी यायची गरज नव्हती. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम कळलं. बायका आधी मागे सरल्या, मग पोरांना घेऊन घरात गेल्या.

मला मात्र आनंद झाला होता. लपवत नाही. गधेगाळ होता तो. जुने राजे कुणाला जमीन दान देत तेव्हा असा दगड उभा करत. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं, म्हणून वर चंद्र-सूर्य. मधल्या लेखात दानाचा तपशील. आणि जो कुणी हे दान मोडील त्याच्या आईवर खालच्या चौकटीतलं ओढवो, अशी शिवी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावी म्हणून कोरून काढलेली. हे सगळं मी तिथल्या तिथे उभी राहून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, चांगली दहा मिनिटं. मावशी उठल्या, ते लुगडं सुपातच झटकलं आणि दगडाच्या खालच्या अंगावर घातलं.

मी म्हणाले, "मावशी, एक मिनिट, फोटो घेऊ दे."

त्यांनी लुगडं उचललं आणि त्या बाजूला झाल्या. मी फोटो काढले, कोनाकोनातून, पट्टी ठेवून. त्या संध्याकाळीही त्यांनी दिवा लावला असं मला नंतर कळलं. पण दगडाकडे पाठ करून.

गटात माझं फार कौतुक झालं. मी टिपण लिहिलं, त्यात स्पष्ट म्हटलं की स्थानिक लोक ज्याला देवी समजून पूजत होते तो प्रत्यक्षात शापाचा दगड आहे, देवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'काही संबंध नाही' हे मी कशाच्या जोरावर लिहिलं? लेख तर मला वाचता आलाच नव्हता. मोडी येते म्हणजे त्या काळची लिपी येते असं थोडंच आहे. पण वाक्य ठसकेबाज झालं होतं. एका वर्तमानपत्राने ते आतल्या पानावर घेतलं, फोटोसकट.

तो फोटो पाड्यावरच्या सगळ्या मोबाइलमध्ये फिरला. रिक्षा स्टँडवर पोरं मावशींच्या मुलाला हाक मारायची, काय रे, गाढवीण काय बोलते तुमची? एकदा त्याने एकाची कॉलर धरली, स्वतःचा ओठ फोडून घेतला. बायका ओटी भरायला यायच्या बंद झाल्या. एका घरात लग्न ठरलं, त्या लोकांनी नवरी-नवऱ्याला पाया पडायला रस्त्यापलीकडच्या मारुतीकडे नेलं. आणि बिल्डरचा माणूस, अगदी नम्रपणे, माझ्या टिपणाची झेरॉक्स घेऊन आला. म्हणाला, मंदिर असतं तर आम्ही हात लावला नसता. पण मंदिर नाही असं तुमच्याच मॅडमनी लिहिलंय. आता ही पुरातन वस्तू झाली, ती सुरक्षित ठिकाणी जायला हवी, तसं आम्ही सरकारी खात्याला कळवलंही आहे.

पाड्याची बैठक झाली, मी धावत गेले. म्हटलं, कागद आहे ना आपल्याकडे, शिक्क्याचा. देवीची जागा लिहिलंय, वहिवाट लिहिलीय.

रिक्षावाला माझ्याकडे बघेना. "कागदात देवी लिहिलंय, मॅडम. देवी कुठाय? आता भांडायचं तर कशासाठी भांडायचं? त्या चित्रासाठी?"

ना-हरकतीच्या कागदावर पाड्याचा सेक्रेटरी म्हणून पहिली सही त्यानेच केली.

दगड न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी हजर होते. कड तुटू नये म्हणून खाली जुने टायर घालून घेतले, गोणपाटात बांधून घेतला. कुठल्याशा सरकारी गोदामात ठेवणार होते. टेम्पोबरोबर आलेल्यांनी त्यावर खडूने नंबर टाकला. चांदीचे डोळे मी रुमालात गुंडाळून मावशींच्या दारात नेले. दार लोटलेलं होतं. सून बाहेर आली, तिने पुडी घेतली आणि आत गेली. पुढच्या महिन्यात घरं पाडली, भोकरही गेलं.

मी दप्तरात जायचं सोडलं नाही. दुसरं काय करणार होते? कारकून अर्धा चहा ठेवत राहिले, पण आता ते काही विचारत नसत. बहुतेक त्यांनीही पेपर वाचला असावा.

वर्ष होऊन गेलं. दगड जाण्याआधी लेखावर ओला कागद दाबून मी ठसे घेतले होते, ते एका जाणकारांकडे पाठवले होते, पुण्याकडचे, अशा लेखांवर आयुष्य घातलेले. त्यांचा फोन आला. बराचसा भाग गेलाय म्हणाले. दान देणाऱ्याचं नाव गेलंय, सालही गेलंय. पण मधल्या दोन ओळी लागतात. कुठल्याशा बागेचं उत्पन्न दिलंय, इथल्या देवीपुढच्या सांजदिव्याच्या तेलासाठी. आणि जो कुणी तो दिवा बंद पाडील त्याला खालची शिवी. ते सहज विचारत होते, "तिथे आसपास एखादं जुनं देवीचं ठिकाण होतं का हो?"

मी फोन ठेवला. दगड म्हणजे देवी नव्हती, हे मी बरोबर सांगितलं होतं. तो देवीचा कागद होता. बाग कधीच गेली असणार, देवीची मूर्तीही गेली, दान कुणी दिलं तेही पुसलं. उरला होता तो कागद आणि दिवा. कुणाला कारण माहीत नसताना तेवढा एक दिवा एका घरातल्या सुनांनी पिढ्यानपिढ्या चालू ठेवला होता. तो मी बंद पाडला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बिल्डरने पाड्याच्या लोकांना नवीन घरं होईपर्यंत कांजूरला एका इमारतीत ठेवलं होतं. अकराव्या मजल्यावर मावशींची खोली. सांगितलंच पाहिजे असं काही नव्हतं. पण त्यांना खोटं पाडून मी मोकळी झाले होते, निदान खरं ठरवायला तरी जावं असं वाटलं. मावशी खिडकीशी लसूण सोलत होत्या. सून कामावर, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे दिवा तिचाच होता," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो, मावशी."

"आन् बंद करील त्याला ती शिवी. त्याच्या आईला."

"हो. बंद माझ्यामुळे झाला. म्हणून आले सांगायला."

त्यांनी लसणीचं टरफल बोटांवरून झटकलं. "तुझी आई हाय का गो?"

"नाही. चार वर्षं झाली."

"मंग तू सुटलीस," मावशी म्हणाल्या. रागाने नाही, खरंच बरं वाटल्यासारखं. मग लसणीचा पुढचा गड्डा हातात घेऊन फोडायला लागल्या. "सही माझ्या पोरानं केलीन. त्याची आई जिती हाय."

मी म्हणाले, मावशी, हे दगडावरचं जुनं बोलणं, तसलं काही नसतं. असं म्हणत असतानाच मला कळत होतं की हे सांगण्याचा अधिकार माझा राहिलेला नाही.

"नसंल," त्या म्हणाल्या. "पण तो मानतो. त्याला यातलं काय सांगू नको. आधीच त्याचं कशात मन नाय."

जिन्याच्या बाजूला लिफ्टचा आवाज झाला, दार उघडलं, तोच आत आला. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला. मला बघून थबकला, मग जुन्या ओळखीने हसला. पाण्याचा तांब्या उचलला, घोटभर प्यायला आणि विचारलं, "काय मॅडम, लागला का त्या दगडाचा अर्थ?"

मावशींनी मान वर केली नाही. लसूण सोलत राहिल्या.

"नाही रे," मी म्हणाले. "फार झिजलाय. काहीच वाचता येत नाही."